गिनी पिगचे पुढचे दात छान दिसतात, मग तो खात का नाही?

गिनी पिगचं खाणं कमी झालं की घरातले पहिल्यांदा त्याचा ओठ वर करून बघतात. पुढचे चार दात पांढरेशुभ्र आणि जागच्या जागी असतात. मग "दात तर ठीक आहेत" म्हणून पोट बिघडलं असेल, हवा बदलली असेल, जोडीदाराशी बिनसलं असेल अशी कारणं शोधण्यात तीन-चार दिवस जातात, आणि या जनावराला तेवढे दिवस परवडत नाहीत. त्याचं दुखणं बहुतेक वेळा पुढच्या दातांत नसतंच. ते मागच्या दाढांत असतं, आणि त्या दाढा घरी कुणालाही दिसत नाहीत. तोंडात डोकावण्यापेक्षा वजनकाटा, गवत आणि लेंड्या या तीन ठिकाणी लक्ष ठेवावं. दाढांची तक्रार तिथे आधी कळते.

गिनी पिगला एकूण वीस दात. वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे चार. सुळे नाहीत. मग मोठी मोकळी जागा, आणि तिच्या मागे प्रत्येक बाजूला वर चार, खाली चार अशा सोळा दाढा. हे सगळेच्या सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात. उंदराच्या पटाशीचे दात वाढतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण गिनी पिगच्या दाढासुद्धा थांबत नाहीत. पटाशीचे दात पांढरेच असतात. उंदरासारखे पिवळे-नारिंगी नसतात, त्यामुळे पांढरा रंग बघून दात निरोगी आहेत असं ठरवता येत नाही. खालचे दोन दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात. तेही नॉर्मलच आहे. नवीन पाळणारे नेमके तेच बघून घाबरतात.

दाढांची ठेवण मात्र वेगळी आहे. त्या सरळ उभ्या नसतात. खालच्या जिभेकडे कललेल्या, वरच्या गालाकडे कललेल्या. त्यांचे घासणारे पृष्ठभाग साधारण 30 अंशांच्या उतारावर एकमेकांवर बसतात. गवत चावताना खालचा जबडा पुढे-मागे सरकत राहतो, दाढेवर दाढ घासते आणि जेवढी वाढते तेवढी झिजते. गवताच्या पात्यात सिलिका असते, झिजवण्याचं काम ती करते. चुरमुरे, भाकरीचा तुकडा, ब्रेड, बिस्किट, मक्याचे दाणे हे सगळं दोन-चार दाबांत मोडतं आणि गिळलं जातं. त्यात घासणं होतच नाही. सांगलीत भडंगाच्या पुडीतून "एखादा चुरमुरा" देण्याची हौस पुष्कळ घरांत असते. एका चुरमुऱ्याने दात बिघडत नाहीत. बिघडतात ते त्या चुरमुऱ्याने पोट भरल्यावर जे गवत खाल्लं जात नाही त्याने.

झीज कमी पडली की खालच्या दाढांची टोकं जिभेकडे वाढतात आणि वरच्यांची गालाकडे. गालात जखमा होतात. खालच्या पुढच्या दोन दाढा तर दोन्ही बाजूंनी वाढत जाऊन जिभेवर कमान धरतात. जीभ खाली अडकते. अशा वेळी जनावराला भूक असते, ते भांड्यापाशी धावत येतं, तोंडात घास घेतं, पण तो मागे ढकलता येत नाही. दुसरा प्रकार याहून लपलेला. समोरची दाढ अडवत असल्यामुळे वर वाढायला जागा उरली नाही की दाढ मुळाच्या बाजूने वाढते. खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या हाडातून खाली रेटतात, वरच्यांची डोळ्याच्या खोबणीकडे. आणि दाढा उंच झाल्या की तोंड पूर्ण मिटत नाही, पटाशीचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मग तेही झिजायचे थांबतात. पुढचे दात लांब झालेले दिसतात ते बहुधा या सगळ्याच्या शेवटी. ते कापून आणले आणि दाढा तशाच ठेवल्या, तर काही आठवड्यांत गाडी पुन्हा तिथेच.

वजन

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. किराणा दुकानातला पाच ग्रॅमच्या टप्प्याचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल, स्प्रिंगचा नको. काट्यावर प्लास्टिकचा डबा किंवा उंच कडेचं घमेलं ठेवून शून्य करा, त्यात कोथिंबिरीची काडी टाका, गिनी पिग ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या भाजीच्या आधी. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेला आकडा मागच्या महिन्याशी कुणी ताडून बघत नाही.

मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम. मूत्राशय आणि पोट भरलेलं की रिकामं यावर 30-40 ग्रॅमचा फरक रोजच पडतो, तो सोडून द्या. आठवड्यात 50 ग्रॅम कमी झालं तर रोज वजन सुरू करा आणि खाण्याकडे बारीक लक्ष द्या. मूळ वजनाच्या दहा टक्के गेलं, म्हणजे 950 चा 855 झाला, तर डॉक्टरकडे जायचं, मग तो कितीही चपळ दिसो. शिकार होणारं जनावर आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. शिट्टी घालून भाजी मागणारा, पिंजऱ्यात उड्या मारणारा गिनी पिगसुद्धा वजन गमावत असू शकतो, आणि दाट केसांमुळे हाताला ते कळत नाही. हाताला पाठीचा कणा लागायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

खाताना बघायचं म्हणजे काय बघायचं

गवताचं एक लांब पातं हातात धरून पुढे करा. निरोगी गिनी पिग ते टोकाकडून तोंडात घेतो आणि मग रसवंतीच्या चरकात ऊस जावा तसं ते एका लयीत, न थांबता आत सरकत जातं. पातं संपेपर्यंत जबडा थांबत नाही. दाढा दुखत असतील तर लय मोडते. दोन-तीनदा चावतो, थांबतो, डोकं किंचित तिरकं करतो, पातं बाजूला पडतं. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. काही जण तोंड रिकामं असतानाही चघळत राहतात. काही जण पुढच्या पायाने तोंडाशी काहीतरी काढल्यासारखं करतात. काही डोळे बारीक करून गिळतात.

हे सगळं फोनवर चित्रित करून ठेवा, जमलं तर स्लो मोशनमध्ये आणि समोरून. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला गिनी पिग काहीच खात नाही, त्यामुळे हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

पदार्थ सुटण्याचा क्रमही बोलका असतो. पहिल्यांदा बहुतेकदा वाळलं गवत सुटतं, कारण त्यालाच सर्वांत जास्त चावावं लागतं. गवत तसंच पडून आहे आणि काकडी मात्र आवडीने संपतेय, तर ते लाड नाहीत, लक्षण आहे. नंतर कडक पेलेट (दुकानात मिळणारं गोळ्यांचं खाद्य) आणि गाजराचा तुकडा सुटतो, मग मऊ भाजीही. गाजर अख्खं दिलं तर सोडतो आणि किसून दिलं तर खातो, असं दिसलं की समजून घ्या. "आता किसून देऊ" एवढ्यावर भागवू नका. किसून देणं ही चार दिवसांची सोय आहे, उपाय नव्हे.

ज्यांच्याकडे दोन-तीन गिनी पिग एकत्र आहेत त्यांनी दिवसातून एकदा पाच मिनिटं वेगवेगळं खायला घालावं. भांडं रिकामं झालं म्हणजे सगळे जेवले असं होत नाही.

लेंड्या झाडताना एक नजर टाका. चांगली लेंडी लांबट, दोन्ही टोकं गोल, तपकिरी, एकसारखी, साधारण दोन सेंटिमीटर लांबीची. खाणं घटलं की दिवसाभरात त्या लहान, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या होतात आणि संख्या कमी होते. खाणं आणि लेंड्या यांत जवळपास एका दिवसाचं अंतर असतं. आज छोट्या दिसणाऱ्या लेंड्या कालच्या उपासाची खबर देतात.

हात फिरवून तपासणी

वजन करता करता दोन मिनिटांत होते. एकाने गिनी पिग छातीशी धरायचा, दुसऱ्याने तपासायचं.

हनुवटी आणि गळ्याखालचे केस बघा. ओले, चिकटलेले, किंवा वाळून काड्यांसारखे झालेले असतील तर लाळ गळते आहे. पुढच्या पायांची आतली बाजूही बघा, लाळ पुसून पुसून तीही ओली होते. मग खालच्या जबड्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी अंगठा आणि तर्जनी मागून पुढे फिरवा. कड गुळगुळीत लागली पाहिजे. बारीक उंचवटे लागले तर मुळं खाली रेटत असतील. एकाच बाजूला वाटाण्याएवढी किंवा मोठी गाठ लागली तर गळू असण्याची शक्यता धरून चालायची. हे गळू दाबून फोडायचा प्रयत्न करू नका. यांचा पू मलईसारखा घट्ट असतो, वाहून जात नाही, आणि नुसता चिरा देऊन भागत नाही. बऱ्याचदा पिशवीसकट काढावं लागतं, आणि खाली दाढ बिघडलेली असेल तर तिचंही बघावं लागतं.

डोळे वरून बघा, डोक्याच्या मागून, म्हणजे दोन्ही एकदम दिसतात. एक डोळा जास्त बाहेर आलेला वाटला किंवा एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असलं तर वरच्या दाढांच्या मुळांचा संशय घ्यायचा. इथे एक गैरसमज होतो. गिनी पिगच्या डोळ्यांत अधूनमधून दुधासारखा पांढरा द्रव येतो, तो लगेच दोन्ही पायांनी तोंड पुसतो आणि क्षणात सगळं स्वच्छ. ती त्याची अंघोळ आहे. त्यासाठी ड्रॉप घालत बसू नका.

सगळ्यांत शेवटी पटाशीचे दात. वरचा ओठ हलकेच वर, खालचा खाली. वरचे दोन आणि खालचे दोन यांच्या कडा आडव्या सरळ रेषेत हव्यात. रेषा तिरकी झाली असेल तर तो एकाच बाजूने चावतो आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या दाढांना काहीतरी झालंय. दात तुटलेला दिसला आणि खाणं व्यवस्थित असलं तर घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत तो वाढतो. तोवर भाजी बारीक पट्ट्यांत कापून द्या आणि समोरचा दात जास्त वाढून हिरडीत घुसत नाही ना ते बघा. मात्र दात पुन्हा पुन्हा तुटत असतील तर क जीवनसत्त्वाकडे वळा.

तोंडात बोट, चमचा, इअरबड काही घालू नका. तोंड फार कमी उघडतं, गालांच्या आतल्या घड्या मध्ये येतात, आणि मागची दाढ दिसतच नाही. डॉक्टरलासुद्धा ऑटोस्कोप (कान तपासायची दिव्याची नळी) लागतो, आणि जागेपणी केलेल्या तपासणीत दाढांची बारीक टोकं सुटू शकतात.

प्रत्येक लाळ दाढेचीच नसते

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लाळ गळणारा, लांब पसरून पडलेला, भराभर श्वास घेणारा गिनी पिग दाताचा रुग्ण नसतो. त्याला उष्माघात होत असतो. त्याला थंड फरशीवर घ्यायचं, कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करायचे, बर्फ लावायचा नाही, आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. तीस अंशांच्या वर गेलं की या जनावराचे हाल सुरू होतात.

दुसरी आपल्याकडची गोष्ट म्हणजे कुसळ. पावसाळा सरल्यावर साताऱ्याच्या डोंगरउतारांवरचं कुसळी गवत पिकतं. त्याचं टोकदार कुसळ हिरडीत, जिभेखाली किंवा डोळ्यात रुततं. काल संध्याकाळपर्यंत मजेत खाणारा आज सकाळी अचानक लाळ गाळतो आणि तोंडाला पाय लावतो, तर आधी विचारा की गवत कुठून आणलं. दाढांचा आजार आठवड्या-महिन्यांनी वाढत जातो. कुसळ एका रात्रीत त्रास देतं.

मूतखडा, मादीच्या अंडाशयातली गाठ, न्यूमोनिया, पोटफुगी यांतही खाणं सुटतं. ढोबळ फरक असा, की दाढा दुखणारा खायला येतो आणि सोडतो. पोट किंवा छाती दुखणारा बहुधा येतच नाही, अंग फुगवून कोपऱ्यात बसतो. पण दाढांमुळे दोन दिवस उपाशी राहिलेल्याचंही पोट बंद पडतं आणि मग दोन्ही एकच दिसतात. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर कारणाचा शोध घरी घेत बसू नका.

गवत, पण कुठलं?

आहाराचा चार-पंचमांश भाग गवत हवं, आणि ते दिवसरात्र समोर हवं. ऑनलाइन मिळणारं टिमोथी उत्तमच, पण महाग आहे आणि त्याच्यावाचून अडत नाही. आपल्या जिल्ह्यांत वैरणीला तोटा नाही, निवड तेवढी करावी लागते. हरळी आणि मारवेल ही दोन गवतं मला सर्वांत भरवशाची वाटतात. ओलीही चालतात, सावलीत पसरून वाळवूनही. गणपतीच्या देवळाबाहेर मिळणाऱ्या दुर्वांच्या जुड्या म्हणजे हरळीचे कोवळे शेंडे. खाऊ म्हणून छान, पण दाढा झिजवायला लांब, जून पातं लागतं.

उसाचं वाढं हंगामात फुकट मिळतं म्हणून तेच घालणारे आहेत. त्यात ऑक्झॅलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या गुरांची हाडं कशी कमजोर होतात ते ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. दात हाडातच बसलेले असतात. अधूनमधून एखादं पान, यापेक्षा जास्त नको. कडब्याचा वाळला पाला चालतो, ताटं नकोत. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विष तयार होतं. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन खड्याला आमंत्रण. कुट्टी केलेली वैरण सोयीची वाटते, पण तुकडा लहान झाला की चावणं घटतं आणि धूळ नाकात जाते. पाती लांबच ठेवा.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांतल्या ओळींमधलं आणि तणनाशक मारलेल्या उसाच्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी आणू नका. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडे, पावसाळ्यात वाळलं गवत दोन दिवसांत बुरशी धरतं. गोणीत न कोंबता जाळीच्या पिशवीत, जमिनीपासून वर टांगा. कुबट वास आला तर सरळ फेका. आजवर गवत न खाल्लेल्याला ते एकदम वाढवून बाकी सगळं बंद करू नका. आठ-दहा दिवस हळूहळू प्रमाण बदला.

लाकूड चावायला दिलं की दात झिजतात, हा समज अर्धा खरा आहे. पेरूची किंवा सफरचंदाची फांदी पुढच्या दातांना थोडं काम देते. दाढांपर्यंत ती पोहोचतच नाही.

क जीवनसत्त्व

माणसासारखंच गिनी पिगचं शरीरही हे बनवू शकत नाही. कमी पडलं की कोलॅजेन नीट बनत नाही, दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू सैल होतात, दात हलतात, कलतात आणि वाकडे झिजतात. सांधेही दुखतात, म्हणून तो उड्या मारायचं सोडतो. दात आणि चाल दोन्ही एकदम बिघडले तर पहिला संशय याचा.

रोजची गरज किलोला 10 मिलीग्रॅम, आजारी किंवा गाभण असेल तर 30 पर्यंत. आपल्याकडे हे अवघड नाही. दहा ग्रॅम पेरूत जवळपास 20 मिलीग्रॅम मिळतं, बियांचा भाग काढून द्या. पेरू गोड असतो म्हणून रोजचा भरवसा ढोबळी मिरचीवर ठेवा, 25-30 ग्रॅमची फोड पुरते. आवळ्याची बारीक चकती खाणारे खातात, काही जण तोंड वेंगाडतात. पाण्याच्या बाटलीत थेंब घालणं व्यर्थ आहे. उजेडात आणि हवेत ते जीवनसत्त्व टिकत नाही, शिवाय चव बदलली की पाणीच कमी प्यायलं जातं. पेलेटच्या पिशवीवर "क जीवनसत्त्वयुक्त" लिहिलेलं असलं तरी उत्पादनाची तारीख बघा. तीन महिने उलटल्यावर त्यातलं किती उरलंय यावर विसंबता येत नाही. औषधाच्या दुकानातली 500 मिलीग्रॅमची चघळायची गोळी द्यायचीच झाली तर पूड करून वीस भाग करा, एका भागात 25 मिलीग्रॅम येतं. गोळीत साखर असते, म्हणून ही कायमची सोय नको.

डॉक्टर गाठताना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. तिथल्या डॉक्टरांना गिनी पिगच्या दाढा घासता येणार नाहीत म्हणून तिथे जायचंच नाही, असं करू नका. वेदनाशामक देणं, त्वचेखाली सलाइन देणं, पोट फुगलंय का ते बघणं हे तिथे होतं, आणि पुढच्या प्रवासापर्यंत जनावर टिकतं. दाढांच्या कामासाठी मात्र लहान प्राण्यांचा सराव असलेला डॉक्टर लागतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून विचारता येतं. नाहीतर पुणं. निघण्याआधी फोनवर हे विचारून घ्या: गिनी पिगला भूल देऊन दाढा तपासता का? भूल वायूची आहे का? कवटीचा एक्स-रे वेगवेगळ्या कोनांतून काढता का? दात कशाने कमी करता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कटरने" असं आलं तर दुसरा दवाखाना बघा. कटरच्या दाबाने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथून गळू होतं. घरच्या नेलकटरचं तर नावच नको. दात फिरत्या बरने (दंतवैद्याच्या यंत्राच्या घासणाऱ्या टोकाने) घासूनच कमी करायचे असतात. "रात्रभर उपाशी ठेवून आणा" असं सांगितलं तर हे गिनी पिगसाठी आहे ना, ते पुन्हा विचारा. कुत्र्या-मांजरांचा तो नियम आहे. गिनी पिगला उलटी होत नाही आणि एवढ्या उपासाने त्याचं आतडं थंडावतं. भुलीआधी तोंडात राहिलेला घास धुऊन काढणं मात्र गरजेचं असतं.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट ठाम सांगतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स गिनी पिगला तोंडावाटे द्यायची नसतात. आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि दातातून वाचलेला गिनी पिग जुलाबाने जातो. लहान मुलांसाठी आणलेलं गुलाबी सिरप घरात उरलेलं असतं, त्यावर बहुतेकदा यांतलंच एक नाव असतं. चिठ्ठीवर यांपैकी काही दिसलं तर संकोच न करता विचारा. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा अशी चालणारी औषधं आहेत, मात्रा डॉक्टरच ठरवतील. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अंदाजाने देऊ नका.

सांगलीहून पुणं चार-पाच तास. उन्हाळ्यात पहाटे निघा, खंबाटकीचा घाट ऊन चढायच्या आत पार झालेला बरा. पिंजऱ्यात ओल्या हरळीचा मोठा जुडगा ठेवा, जोडीदार असेल तर त्यालाही घ्या, आणि सोबत कॅलेंडरवरच्या वजनांचा फोटो, व्हिडिओ, रोजच्या पेलेटची मूठभर पुडी.

हाताने भरवताना

भूल देऊन दाढा घासल्या की गिनी पिग त्याच संध्याकाळी गवतावर तुटून पडेल अशी अपेक्षा धरू नका. कित्येक दिवस ताणलेले जबड्याचे स्नायू आणि सोललेली जीभ यांना वेळ लागतो. काही जणांना एक-दोन आठवडेही भरवावं लागतं.

पेलेट मिक्सरमधून पूड करा, एका भागाला दोन भाग कोमट पाणी घालून अर्धा तास भिजवा, पुन्हा फिरवा आणि चहाच्या गाळणीतून काढा. गुठळी राहिली तर सिरिंज अडकते आणि जोर लावला की सगळं एकदम घशात जातं. ताजं करा, फ्रिजमध्ये दिवसभरापेक्षा जास्त ठेवू नका. भाताची पेज, दूध-भाकरी, नाचणीचं सत्त्व हे आजाऱ्याचं पथ्य माणसांचं. त्यात तंतू नाहीत आणि या पोटाला तंतूच हवेत. दूध तर नकोच.

एक मिलीची सुईविना सिरिंज घ्या, टोक तिरकं कापून नेलफाइलने गुळगुळीत करा. गिनी पिगला टॉवेलात गुंडाळून मांडीवर चार पायांवर बसवा, पाठीवर कधीच झोपवू नका. सिरिंज समोरून न घालता बाजूने, पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून आत. अर्धा मिली सोडा आणि थांबा. जबडा हलला, गिळलं, मग पुढचा अर्धा. हनुवटीवर ओघळ येत असेल तर वेग जास्त आहे. नाकातून बाहेर आलं किंवा श्वासाला घरघर लागली तर लगेच थांबा, ते फुप्फुसात गेल्याची खूण असू शकते. किलोभर वजनाच्या, स्वतः काहीच न खाणाऱ्याला दिवसाला 50 ते 80 मिली लागतं. एका वेळी 10 ते 15 मिली, दिवसातून पाच-सहा वेळा, त्यात रात्रीची एक वेळ धरून. शेवटी एक-दोन मिली पाणी, आणि हनुवटी कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. केस ओले राहिले की खालची कातडी सोलवटते.

प्रत्येक भरवण्याआधी गवताचं पातं नाकासमोर धरा. ज्या दिवशी तो स्वतःहून पातं शेवटपर्यंत ओढेल त्या दिवसापासून सिरिंजचं प्रमाण कमी करायला सुरुवात. पण वजनाच्या आकड्यावर, अंदाजावर नाही. तीन दिवस वजन स्थिर राहिलं तर एक वेळ कमी करा.

एकदा दाढांची घडण बिघडली की बहुतेकांना पुन्हा घासून घ्यावं लागतं, कुणाला दीड महिन्याने, कुणाला तीन-चार महिन्यांनी. ही मुदत प्रत्येक जनावराची वेगळी असते. पहिल्या वेळेनंतर रोजचं वजन लिहीत राहा. घासल्यानंतर चढून स्थिरावलेलं वजन ज्या आठवड्यात पुन्हा 50 ग्रॅमने उतरेल आणि गवत शिल्लक राहायला लागेल, तोवर किती आठवडे गेले ते मोजा. पुढची वेळ त्याच्या आठवडाभर आधीची घ्या, म्हणजे उपाशी आणि अशक्त जनावराला भूल द्यायची वेळ येत नाही.